सुईला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी: इंजेक्शन, लस आणि रक्ततपासणीची तयारी

लहान मूल सुईला घाबरलं तर त्याला चॉकलेट मिळतं. चाळिशीतलं माणूस घाबरलं तर त्याला फक्त "अहो, एवढे मोठे झालात की!" हे ऐकायला मिळतं. त्यामुळे मोठी माणसं ही भीती कुणाला सांगत नाहीत. तपासणीची चिठ्ठी पाकिटात महिनोन् महिने राहते, थायरॉइडची तपासणी "पुढच्या आठवड्यात" होत राहते, आणि घरच्यांना वाटतं हा आळस आहे.

मी त्यातलीच. माझ्या मामेभावाचं तर विचारूच नका. विजेच्या खांबावर चढून तारा जोडणारा माणूस, पण रक्त काढायला हात पुढे केला की कपाळावर घाम आणि पुढच्या क्षणी जमिनीवर. आम्हा दोघांची भीती एकाच नावाने ओळखली जाते, पण तिच्यावरचे उपाय अगदी वेगळे निघाले. माझ्यावर जे चाललं ते त्याच्यावर उलटलं. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे, कारण "शांत व्हा, दीर्घ श्वास घ्या" हा एकच सल्ला सरसकट सगळ्यांना दिला जातो.

तुम्ही एकटे नाही, हेही आधीच सांगते. तरुण प्रौढांमध्ये साधारण २० ते ३० टक्के लोकांना सुईची भीती असते असं अभ्यासांत दिसलं आहे. वय वाढतं तशी ती बहुतेकांची कमी होते, पण सगळ्यांची होत नाही.

१. आधी विचारा: ही सुई लागणारच आहे का?

आपल्याकडे "सुई मारल्याशिवाय गुण येत नाही" असं मानणारे लोक भरपूर आहेत, आणि त्यांचं मन राखणारे दवाखानेही. साध्या सर्दी-तापाला इंजेक्शन, थकवा आला की ताकदीचं सलाईन. यातल्या पुष्कळ ठिकाणी गोळीने काम होतं. तेव्हा सरळ विचारा: "डॉक्टर, हेच औषध गोळीत मिळेल का? इंजेक्शन नाही घेतलं तर काय फरक पडेल?" हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे. त्याला नीट उत्तर देणाऱ्या डॉक्टरांवर विश्वासही बसतो.

काही सुया मात्र टाळायच्या नसतातच. इन्सुलिन, गरोदरपणातल्या धनुर्वाताच्या लशी, ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्या, आणि सगळ्यात वर कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस. ती भीतीपोटी पुढे ढकलू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

यात एक जुनं भूत अजून फिरतं: "पोटात चौदा इंजेक्शनं." ती लस मेंढीच्या मेंदूच्या पेशींपासून बनायची आणि भारतात डिसेंबर २००४ मध्ये बंद झाली. आताची लस दंडावर देतात. सरकारी दवाखान्यांत बहुधा त्वचेत देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर ०.१ मिलीचा एकेक अगदी छोटा डोस. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच दिवस धरतात. पोटाला कुणी हात लावत नाही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) लागतं, आणि ते जखमेत व तिच्या कडेने टोचतात. ते दुखतं. खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण ते एकदाच असतं, पहिल्या दिवशी. आणि दवाखान्यात निघण्याआधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, त्या धुण्याला तरी सुई लागत नाही.

२. तुमची भीती कोणत्या जातीची आहे ते ओळखा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून मागच्या वेळी नेमकं काय झालं होतं ते आठवा.

धडधडणारे. छातीत धडधड, हात थरथरणं, तोंडाला कोरड, पळून जावंसं वाटणं. पण शुद्ध जात नाही. मी यातली.

चक्कर येणारे. आधी थोडी धडधड, मग एकदम सगळं उतरतं. जांभया येतात, मळमळतं, हातपाय गार पडतात, कानात सूं आवाज, डोळ्यांपुढे अंधारी. कधी कधी सुई लागायच्या आधीच, नुसत्या स्पिरिटच्या वासाने. माझा मामेभाऊ यातला.

वेदनेला घाबरणारे. यांना सुई बघवते, फक्त दुखणं सहन होत नाही. बहुतेकांच्या मागे एखादी वाईट आठवण असते: शीर सापडेना म्हणून पाच वेळा टोचलं, लहानपणी चौघांनी धरून इंजेक्शन दिलं, असं काहीतरी.

चक्कर येणाऱ्यांच्या शरीरात जे घडतं ते साध्या भित्रेपणाच्या पलीकडचं आहे. बाकी कुठल्याही भीतीत, म्हणजे साप म्हणा, उंची म्हणा, रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. रक्त आणि सुईच्या भीतीत तो थोडा चढतो आणि मग धाडकन खाली येतो, नाडीही मंदावते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर मध्येच बंद पडली की वरच्या मजल्याचे नळ आधी कोरडे होतात, तसं डोक्याकडे रक्त कमी पोचतं आणि माणूस पडतो. ही प्रवृत्ती घराण्यात चालते. आईला किंवा काकांना येत असेल तर तुम्हालाही येण्याची शक्यता जास्त. मनोविकारांच्या वर्गीकरणाच्या अमेरिकी पुस्तिकेत १९९४ पासून रक्त, इंजेक्शन आणि जखम यांच्या भीतीचा एक स्वतंत्र प्रकार धरला आहे. तेव्हा "नाटकं करतोस" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही.

एकाच माणसात दोन प्रकार मिसळलेलेही असतात. शंका असेल तर स्वतःला चक्कर येणाऱ्यांत धरा. काळजी जास्त घेतल्याने बिघडत काही नाही.

३. चक्कर येणाऱ्यांसाठी: स्नायू आवळण्याचा व्यायाम

रक्तदाब खाली येतोय, तर तो वर ढकलायचा. हा साधा विचार स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात पद्धतशीर उपचारात उतरवला. त्याला कसलंही यंत्र किंवा औषध लागत नाही.

घरी खुर्चीत बसून असं करा:

- दोन्ही मुठी, दंड, पोट, मांड्या आणि पोटऱ्या एकदम घट्ट आवळा. दात मात्र आवळू नका, आणि श्वास रोखू नका.
- १० ते १५ सेकंद तसेच धरा. चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटली पाहिजे. तीच खूण.
- आता सोडा, पण पूर्ण सैल पडू नका. नेहमी बसता तसे बसा. २० ते ३० सेकंद.
- असं पाच वेळा.

आठवडाभर रोज हे केलं की शरीराला सवय लागते. प्रत्यक्ष दिवशी नंबर लागायच्या थोडं आधी सुरू करा आणि सुई निघाल्यावरही काही मिनिटं चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र इथे सगळ्यांची चुकते. ज्या हातावर सुई घ्यायची तो हात आवळायचा नाही. ताठ स्नायूत सुई जास्त दुखते आणि नंतरही हात भरून येतो. म्हणून घरी सराव करतानाच एक हात मांडीवर सैल सोडून उरलेलं शरीर आवळायला शिका. पहिले दोन-तीन दिवस हे जमतच नाही, दोन्ही हात एकदमच आवळले जातात. मामेभाऊ मग एका हातात पाण्याचा भरलेला पेला धरून सराव करायचा. पाणी हिंदकळलं की कळायचं, हा हातही ताठ झाला.

डोकं दुखायला लागलं तर जोर कमी करा. रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा आजार असेल, गरोदर असाल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दुसरी गोष्ट: या प्रकारातल्या माणसाला "अंग सैल सोडा, डोळे मिटा, शांत व्हा" सांगणं म्हणजे त्याला खाली पाडायला मदत करणं. सैल पडलं की रक्तदाब आणखी उतरतो. मामेभावाला मी मोठ्या प्रेमाने माझं श्वासाचं तंत्र शिकवलं होतं, त्याचा परिणाम प्रयोगशाळेतल्या मावशींना निस्तरावा लागला.

सगळ्यात भरवशाचा उपाय मात्र याहूनही सोपा आहे: आडवं पडून सुई घेणं. आडव्या माणसाला चक्कर यायची शक्यता फार कमी, आणि आली तरी पडायला जागाच नसते.

४. धडधडणाऱ्यांसाठी

तुमचं काम सोपं आहे. श्वास नाकाने घ्या आणि ओठांचा चंबू करून, घेतल्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. भर सोडण्यावर. भराभरा मोठे श्वास घेत राहिलात तर बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि भीती आणखी वाढते.

लक्ष दुसरीकडे नेणंही चालतं, पण ते काम जरा गुंतवणारं हवं. नुसतं भिंतीकडे बघून काही होत नाही. शंभरातून सात-सात वजा करत जा, पाठ असलेली आरती उलट्या कडव्यांनी म्हणा, फोनवर एखादा विनोदी व्हिडिओ लावा. सुईकडे बघायचं की नाही हे तुम्ही ठरवा. काहींना बघितल्याने धीर येतो, कारण पुढे काय होणार ते कळतं. मी बघत नाही.

५. आदल्या दिवशीची तयारी

सोबत न्यायच्या गोष्टी:

- डॉक्टरांची चिठ्ठी, जुनी फाईल, लशीचं कार्ड असेल तर ते
- चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी आणि कुठलीही ॲलर्जी ठळक लिहून
- पाण्याची बाटली, बिस्किटं किंवा राजगिऱ्याची चिक्की
- इअरफोन, आणि आधीच डाऊनलोड केलेलं काहीतरी. दवाखान्यात रेंज मिळेलच असं नाही
- सैल बाह्यांचा कपडा. तंग बाही दंडावर गुंडाळली की तिथेच आवळून बसते. साडीचा ब्लाउज तंग असेल तर कुर्ता बरा
- एक माणूस

माणूस निवडताना नातं बघू नका, स्वभाव बघा. जो "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं होतं" म्हणून हसेल तो नको. जो स्वतःच रक्त बघून पांढरा पडतो तोही नको. माझ्यासोबत वहिनी येतात. त्या आत येऊन भाजीच्या भावावर बोलत राहतात, एवढंच हवं असतं.

खाणं-पिणं: उपाशीपोटी तपासणी नसेल तर खाऊन जा. उपाशीपोटी असली तरी साधं पाणी बहुतेक तपासण्यांना चालतं, प्रयोगशाळेला फोन करून खात्री करा आणि मग भरपूर प्या. अंगात पाणी असलं की शीर ठसठशीत सापडते आणि चक्करही कमी येते. सकाळचा पहिला नंबर घ्या. जितका वेळ बाकावर बसाल तितकी भीती चढते. अनेक प्रयोगशाळा घरी येऊन रक्त नेतात. चक्कर येणाऱ्यांसाठी हे उत्तम, आपल्याच पलंगावर आडवं पडून काम होतं.

बधिर करणारं मलम, खास करून वेदनेला घाबरणाऱ्यांसाठी. लिडोकेन आणि प्रिलोकेन या दोन औषधांचं मिश्रण असलेलं मलम औषधाच्या दुकानात मिळतं. डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या जागी जाडसर थर लावायचा, चोळायचा नाही, वरून प्लॅस्टिकची पट्टी चिकटवायची आणि निदान एक तास ठेवायचं. दहा मिनिटं आधी लावून "काही उपयोग नाही" म्हणणारे खूप भेटतात. नेमकी जागा माहीत नसेल तर फोनवर विचारा: लस कुठल्या दंडावर, रक्त कुठल्या कोपरातून. हे मलम त्वचा बधिर करतं. आत स्नायूत औषध जाताना होणारी कळ ते थांबवत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. जखमेवर लावायचं नाही.

दुखेल म्हणून लशीच्या आधीच पॅरासिटामॉल घेऊन जाण्याची पद्धत आहे. टोचण्याच्या वेदनेवर त्याचा उपयोग नसतो. नंतर ताप-अंगदुखी आली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.

६. तिथे गेल्यावर काय बोलायचं

इथेच बहुतेकांची गाडी अडते. लाज वाटते. मागे रांग असते, सिस्टर घाईत असतात, आणि आपण गप्प हात पुढे करतो. त्यामुळे वाक्य घरूनच पाठ करून जा. लांबलचक प्रस्तावना नको, कारणमीमांसाही नको. आधी काय होतं ते सांगा, लगेच काय हवं ते मागा:

"सिस्टर, मला सुईने चक्कर येते. मागे एकदा पडले होते. आडवं पडून घेता येईल का?"

"दादा, माझी शीर पटकन सापडत नाही. उजव्या हाताची सापडते. आधी तिथे बघाल का?"

"टोचताना एक-दोन-तीन म्हणू नका, तुमचं तुमचं करा." किंवा तुम्हाला सांगून टोचलेलं बरं वाटत असेल तर तेच सांगा.

पहिलं वाक्य ऐकल्यावर दहातले नऊ कर्मचारी लगेच बदलतात. त्यांनाही तुम्ही फरशीवर पडायला नको असता. "घाबरते" म्हटलं तर हसण्यावारी नेतात, "चक्कर येते" म्हटलं तर पलंग मिळतो. हा शब्दांचा फरक लक्षात ठेवा. दहावा कर्मचारी कुरकुरला तर शांतपणे म्हणा, "मग मी थांबते, पलंग रिकामा झाला की सांगा." जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरणाच्या सूचनांतही चक्कर येण्याचा इतिहास असलेल्यांना आडवं करून लस द्यायला सांगितलं आहे, तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

बाकी मागण्यासारख्या गोष्टी:

सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. ज्यांनी उकळलेल्या काचेच्या सिरिंज बघितल्या आहेत त्या पिढीला याने फार हायसं वाटतं.

रक्त काढायचं असेल आणि शिरा बारीक असतील, तर फुलपाखरासारखे पंख असलेली बारीक सुई आहे का विचारा. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक असते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. रक्त काढायला साधारण २१ किंवा २२ नंबर, लशीला २३ ते २५, इन्सुलिनच्या पेनला ३१-३२. म्हणजे दंडावरची लस रक्ततपासणीपेक्षा बारीक सुईने होते.

स्पिरिट वाळू द्या. ओल्या स्पिरिटवरून सुई गेली की चरचरतं, आणि जंतू मरायलाही ते वाळावंच लागतं. "जरा वाळू दे ना ताई" एवढं म्हटलं तरी पुरे.

शीर सापडत नसेल आणि सुई आत फिरवली जात असेल, तर "थांबा, काढा" म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. दोनदा जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला बोलवायला सांगा. हात गार असेल तर आधी कोमट पाण्याखाली धरा, शिरा वर येतात.

७. ती पाच-दहा सेकंदं

लस दंडावर असेल तर हात मांडीवर ठेवा, तळवा वर, खांदा खाली पडू द्या. खांदा कानाकडे उचललेला असतो हे आपल्याला कळतही नाही. सिस्टरांनी दंड धरला की एकदा मुद्दाम खांदा उचला आणि सोडा, मग तो खरोखर खाली येतो. कमरेत इंजेक्शन असेल तर त्या बाजूच्या पायावर भार देऊ नका. पालथं पडून पायाचे अंगठे आत वळवले की तिथला स्नायू आपोआप सैल होतो.

सुई टेकायच्या क्षणी हलकंसं खोका. एकदा आधी, एकदा टोचताना. मोठ्याने नको, हात हलायला नको. ही युक्ती ऐकायला वेडगळ वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींत ती मोठ्यांसाठी दिलेली आहे. सिस्टरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दचकतील.

एकाच वेळी दोन लशी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी द्यायला सांगा. तोंडाने बोलत राहायचं असेल तर बोला. रडू आलं तर येऊ द्या. फक्त हात मागे ओढू नका, सुई तिरकी होऊन खरं दुखतं ते त्यामुळे.

८. सुई निघाल्यावर

"झालं? बस्स?" असं म्हणून ताडकन उठणं, हा इथला सापळा. चक्कर बऱ्याचदा तेव्हाच येते. निदान १५ मिनिटं बसा किंवा पडून राहा, त्यांनी अर्धा तास सांगितलं असेल तर अर्धा तास. मग हळूहळू उठा. पडणाऱ्यांपैकी असाल तर लगेच दुचाकी चालवू नका, रिक्षाने जा.

रक्त काढलं असेल तर कापसाचा बोळा हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं दाबून धरा. कोपर दुमडून धरायची सवय सगळ्यांना असते, त्याने उलट निळं पडतं. लशीची जागा चोळू नका. हात दुखत असेल तर गार पाण्याची घडी ठेवा आणि हात हलता ठेवा.

सोबतच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा: मी पांढरी पडले, घाम आला, तर लगेच आडवं करायचं आणि पाय उचलून धरायचे. खुर्चीत बसवून ठेवायचं नाही. शुद्ध गेली असताना तोंडात पाणी ओतायचं नाही. काही जणांच्या हातापायांना अशा वेळी झटके येतात, ते बघून लोक फिट समजतात आणि कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावतात. त्याची काही गरज नाही. आडवं केलं की बहुतेकदा मिनिटभरात माणूस शुद्धीवर येतो. आला नाही तर डॉक्टरांना हाक मारा.

एक फरक मात्र माहीत हवा. भीतीच्या चक्करेत अंग गार आणि पांढरं पडतं, नाडी मंद असते, आडवं केल्यावर बरं वाटतं. औषधाच्या तीव्र ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, खाज येते, ओठ-जीभ सुजते, श्वास घरघरतो, नाडी वेगाने चालते, आणि आडवं करूनही आराम पडत नाही. असं काही वाटलं तर "घाबरले असेन" म्हणून गप्प बसू नका, त्याच क्षणी सांगा. त्यावर लगेच ॲड्रेनॅलिन द्यावं लागतं. १५ मिनिटं थांबवून ठेवतात त्याचं हेही एक कारण आहे.

९. रोज स्वतःच सुई घ्यायची असेल तर

इन्सुलिन सुरू करा म्हटल्यावर वर्ष-वर्ष टाळाटाळ करणारे लोक डोळ्यांपुढे रक्त काढायची सुई आणतात. एकदा मेडिकलमध्ये जाऊन पेनची सुई हातात घेऊन बघा: ४ मिलिमीटर लांब, जेमतेम पाव मिलिमीटर जाड. प्रौढांना, अगदी स्थूल माणसांनाही, एवढी लांबी पुरते.

वापरात असलेलं पेन फ्रीजमधून काढून लगेच टोचू नका, गार इन्सुलिन झोंबतं. उघडलेलं पेन किती दिवस बाहेर चालतं ते त्याच्या कागदावर दिलेलं असतं. सुई दर वेळी नवी घ्या. पैसे वाचवायला तीच तीच वापरली की टोक बोथट होतं आणि दुखायला लागतं, मग माणूस इन्सुलिनलाच दोष देतो. जागा रोज बोटभर सरकवा, एकाच जागी टोचलं की तिथे गाठी होतात. बटण पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजा आणि मगच सुई काढा. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला त्या लागतात.

हात थबकत असेल तर पहिल्या काही वेळा सिस्टरसमोर टोचून घ्या. सावकाश टेकवत टेकवत नेऊ नका. एका झटक्यात आत.

१०. भीती मुळातून कमी करायची असेल तर

वरचं सगळं त्या दिवसापुरतं. तपासण्या वर्षानुवर्षं टाळत असाल तर थोडं मुळाशी जावं लागेल. पद्धत अशी: सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लिहायच्या. सिरिंजचं चित्र बघणं. इंजेक्शन देतानाचा व्हिडिओ. मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणून हातात धरणं, तिने पाणी ओढणं. ती दंडावर टेकवणं. दुसऱ्या कुणासोबत लसीकरणाला जाऊन नुसतं बसणं. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, मगच पुढची. चक्कर येणाऱ्यांनी प्रत्येक पायरीला आवळण्याचा व्यायाम सोबत करायचा. घाई करून वरच्या पायरीवर उडी मारली आणि पळून आलात, तर भीती दुप्पट होऊन बसते.

एकट्याने जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. या भीतीवर फार लांबलचक उपचार लागत नाहीत, थोड्या बैठकींत फरक पडतो. कुठे जायचं कळत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावा, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. नातेवाइकांनी दिलेली भीतीवरची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊन जाऊ नका. काही गोळ्यांनी झोप येते, तोल जातो.

आता फाईल काढा आणि पहिल्या पानावर ठळक लिहा: "सुईने चक्कर येते, आडवं करून द्यावं. उजव्या हाताची शीर चांगली." पुढच्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही तर फाईल पुढे करायची.